आबांनी मोजलेले गहू

आमच्या सासरच्या घराण्यात वाटायचं असं काही शिल्लक राहिलं नव्हतं. शेत वाटलं, विहिरीचं पाणी पाळीने वाटलं, गोठा मधे भिंत घालून वाटला. एक पितळी हंडा कोणाकडे राहावा यावरून दोन घरांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं आणि शेवटी तो हंडा ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्यात कबुतरांचे दाणे ठेवले. वाटायची राहिली होती ती एकच गोष्ट, कानबाईचे रोट. आणि ते आपण डोळे मिटेपर्यंत वाटले जाऊ नयेत, एवढी एकच इच्छा माझ्या सासऱ्यांची होती. त्यांना सगळे आबा म्हणत. मीही आबाच म्हणायची.

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून तिला सजवायचं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. तिच्या नैवेद्याचं जे जेवण, पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, त्याला रोट म्हणतात. या रोटांचे गहू वेगळे. श्रावण लागला की घरातला कर्ता पुरुष अंघोळ करून बसतो आणि घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत मुठीने गहू मोजतो. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. बाईच्या नावाची मूठ नसते. निवडायचं बाईने, दळून आणायचं बाईने, पुरण वाटता वाटता खांदा बाईचा जाणार, पण मूठ पुरुषाची. मी पहूरकडची. आमच्या माहेरी हे नव्हतं, म्हणून लग्नानंतर पहिल्याच श्रावणात मी हे विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, रीतच शे तशी. त्यावर पुढे कधी काही विचारलं नाही.

रोटांचे नियम कडक. घराण्याबाहेरच्या कोणी खायचे नाहीत. लग्न झालेली लेक बाहेरचीच. टाकायचे नाहीत, कुत्र्यामांजराला घालायचे नाहीत आणि पुनवेच्या आत संपवायचे. त्यामुळे ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने यायलाच हवं, नाहीतर त्याच्या वाटणीचं खाणार कोण. सुरत, नाशिक, जळगाव, पुणे, कुठेही असो, रविवारी सगळे साक्रीच्या पुढच्या आमच्या त्या डोंगराखालच्या गावात हजर. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ त्या दिवशी एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसत. ते काही प्रेमाने बसत नव्हते. रोट आहेत म्हणून बसत. आबांना तेवढं पुरे होतं.

तर कोरोनाच्या पहिल्या श्रावणात आबांनी नेहमीसारखे गहू मोजले. आमचे हे तेव्हा नुकतेच दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही दोघं आबांकडे गावाला राहायला आलो होतो. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघं. आबांनी मात्र सगळ्या घराण्याच्या मुठी घातल्या, एकही नाव न विसरता, आणि गहू निवडायला माझ्यापुढे ठेवले. हे म्हणाले, आबा, या वर्षी कोणी येऊ शकणार नाही, जिल्ह्याबाहेर जायला पास लागतो. आबांनी ऐकलं आणि वर आणखी एक मूठ घातली. नाशिकच्या एका नातवाला मुलगा झाला होता, त्याची राहिली होती.

आता कोरोनाच्या त्या नियमांबद्दल. रोगाला मी हसत नाही. भुसावळची आमच्या ओळखीची माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. पण ज्यांनी आम्हाला नियम शिकवले त्यांना मी तेव्हाही हसले आणि आजही हसते. लग्नाला पन्नास माणसं चालत होती, मयताला वीस चालत होती. दारूच्या दुकानापुढे गोल आखून रांगा लावल्या होत्या आणि पोलीस त्या रांगांना अगदी प्रेमाने सांभाळत होते. घरच्या माणसांनी घरी येऊन जेवायचं म्हटलं तर मात्र देशाच्या आरोग्याला धोका. आमच्या गावात नियम पाळून घ्यायला एक समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष म्हणजे आयुष्यात कधी कोणी काही विचारलं नाही असा माणूस. हातात शिट्टी आली तसा तो फौजदार झाला. ओट्यावर दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या तरी शिट्टी वाजवायचा. आणि त्याच महिन्यात कोणी पुढारी गावात धान्याची पाकिटं वाटायला आला तेव्हा हाच गर्दीत पुढे, मास्क हनुवटीवर, हातात हार. त्या दिवशी शिट्टी घरी राहिली होती म्हणे.

पास ऑनलाइन मिळायचा. त्यात जाण्याचं कारण लिहावं लागे. ह्यांनी सगळी नोकरी कागदावर खरं लिहिण्यात घालवलेली. त्यांनी घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना कळवलं की कारण खरं लिहा, कुळाचार आहे, सरकार नाही म्हणणार नाही. आणि वर मजकूरही तयार करून दिला, ‘कुलदैवत कानबाईचे रोट खाण्यासाठी मूळ गावी जाणे.’ मी म्हटलं, अहो, हा अर्ज जो वाचेल तो एकटा थोडाच हसेल, शेजारच्यालाही बोलावून दाखवेल. ह्यांना राग आला. संध्याकाळपर्यंत नामंजूर झाल्याचे फोटो ग्रुपवर यायला लागले. जळगावहून एक, नाशिकहून दोन, पुण्याहून माझ्या स्वतःच्या मुलाचा एक. सगळ्यांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली होती. काय करणार, नियम आहे.

मी चष्मा लावून ते फोटो पुन्हा बघितले. सगळे एकाच फोनचे होते. वर बॅटरीचा आकडा तोच, वेळ तीच. जळगावच्याने एकट्याने अर्ज केला होता आणि बाकीच्यांनी त्याचाच फोटो पुढे ढकलला होता, नाव दिसू नये म्हणून वरचा भाग कापून. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई, असंही मिळणार नव्हताच ना, मग भरून काय उपयोग. आणि मग म्हणाला, आपण व्हिडिओ कॉलवर आरती करू. एवढा शिकला आणि हे सुचलं. मी फोन ठेवला. आबांना काही सांगितलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही.

नियमाला मी शिव्या देत होते तेव्हा मला वाटत होतं, हे सगळे नियमामुळे अडले आहेत. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा शंका आली की नियम यांना अडवत नाहीये, सोडवतोय.

आला तो एकटा सुरतचा. ते माझे चुलत दीर, कापडाच्या मार्केटमध्ये कामाला, घराण्यात सगळ्यात कमी शिकलेले आणि सगळ्यात जास्त थापा मारणारे. शनिवारी दुपारी मोटरसायकलवर धुळीने माखून दारात उभे. आबा ओट्यावर बसले होते. त्यांना पाहून भाऊजी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पाया पडले आणि पुन्हा हसले. मी पाणी आणलं, विचारलं की पास कसा मिळाला. ते म्हणाले, वहिनी, मिळाला, अर्ध्या तासात मिळाला, कारण असं लिहिलं की कोणी नाही म्हणूच शकत नाही.

कारण काय लिहिलं ते तासाभराने कळलं. सीमेवरच्या नाक्यावरून कोणीतरी गावात फोन करून चौकशी केली होती. समितीचा अध्यक्ष दोन माणसं आणि शिट्टी घेऊन आमच्या अंगणात आला आणि लांब उभा राहून आबांना म्हणाला, “आबा, तुमना घर कोन मरनं?”

आबांनी भाऊजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

“कोनं नाव टाकं रे?”

“तुमनं, आबा.”

मला हसू आलं, पण आबांचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच थांबलं. त्यांना स्वतःच्या मरणाचं काही वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं ते सुतकाचं. घराण्यात मयत झालं तर त्या वर्षी कानबाई बसत नाही. गहू दळून झाले होते, डाळ भिजत घातली होती, आणि सख्ख्या पुतण्याने सरकारी कागदावर घराचा कर्ता मारून ठेवला होता. पास मिळवण्यासाठी हजारो लोकांनी तेव्हा हजारो माणसं मारली असतील. पण ज्या कामासाठी पास काढला तेच काम त्या कारणाने बुडतं, हे न सुचणारा माणूस आमच्याच घराण्यात जन्माला यायचा होता.

अध्यक्ष म्हणाला की खोटी माहिती दिली म्हणून गुन्हा होऊ शकतो. आबांनी त्यालाच विचारलं, अगदी मनापासून, कारण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. “सरकारना कागदवर मी मरेल शे. मंग माले सांग, सूतक शे का नही?”

अध्यक्षाला शिट्टीचे नियम पाठ होते, हा नव्हता. त्याने बरोबरच्या दोघांकडे पाहिलं. ते दोघं आमच्या पेरूच्या झाडाकडे पाहायला लागले.

“तूले बी माहीत नही,” आबा म्हणाले. “मंग मी सांगस. कागदवर मरेल शे, सूतक कागदले. कानबाई बसई.”

गुन्हा काही झाला नाही. पण भाऊजींना शाळेत नेऊन ठेवलं, दोन आठवड्यांसाठी. शाळेत आधीच मुंबईहून परत आलेली मजूर मंडळी होती. रविवारी कानबाई बसली. आरतीला आम्ही तिघं. ह्यांनी मोबाइल नारळासमोर धरला होता, त्यात पुण्याची, नाशिकची, जळगावची तोंडं चौकोनात बसली होती. टाळ्या मागेपुढे होत होत्या. एकाचा आवाज बंद होता आणि तो तसाच ओरडत होता. आबांनी एकदा त्या मोबाइलकडे पाहिलं आणि मग आरती संपेपर्यंत पाहिलं नाही.

मी डबा भरून शाळेत गेले, आबाही काठी टेकत आले. आत जायला मनाई होती. भाऊजी वर्गाच्या खिडकीत बसले, आम्ही कुंपणाबाहेर चिंचेखाली. डबा दोरीने सरकवून दिला. पुरणपोळीचा वास सुटला तशी बाकीची माणसं जवळ आली. ती उपाशी नव्हती, पण रोज तीच खिचडी खाऊन विटली होती. भाऊजींनी त्यांना सांगितलं की हे कोणाला देता येत नाही, घराण्याचं असतं. त्यांना राग आला नाही. त्यातला एक म्हणाला की आमच्याकडेही असतात, आमचे या वर्षी राहिले. भाऊजींनी पाठ फिरवून खाल्लं. खाताना रडत होते असं मला वाटलं, पण थापा मारणाऱ्या माणसाचं सांगता येत नाही. भाऊजींनी शेवटचा घास घेईपर्यंत आबा चिंचेखालून उठले नाहीत.

बाकी सगळं आम्ही तिघांनी खाल्लं. पुनवेपर्यंत. सकाळी रोट, संध्याकाळी रोट. खीर आटवून, पोळ्या वाळवून, पिठाच्या नुसत्या पोळ्या लाटून. ह्यांना साखरेचा त्रास, ते औषध घेऊन खायचे. आबा दोन घास जास्त खायचे आणि प्रत्येक घासाआधी कोणाची मूठ खातोय ते सांगायचे. आज नाशिकच्या थोरल्याची झाली. आज पुण्याच्याची. माझ्या मुलाची मूठ मी खाल्ली आणि मला त्याचा इतका राग आला की घास गिळवेना. पण टाकता येत नाही ना.

दुसऱ्या वर्षी पास लागत नव्हता. पुण्या-नाशिकचे म्हणाले, तिसरी लाट येणार आहे, मुलांना धोका आहे, टीव्हीवर सांगतात. हे सांगणाऱ्यांनी आदल्याच महिन्यात एका लग्नाचे फोटो टाकले होते. पन्नास माणसांच्या लग्नात नुसते वाढणारेच पन्नास दिसत होते. तिसऱ्या वर्षी तर मास्कही गेले. समितीच्या अध्यक्षाची शिट्टी त्याच्या नातवाने खेळायला घेतली. नियम सांगायला कोणी उरलं नाही. तेव्हा ग्रुपवर एक निरोप आला, की आम्ही आता आमच्या फ्लॅटवरच कानबाई बसवली आहे, जागा छोटी आहे पण प्रसन्न वाटतं. मग दुसऱ्याचा आला. मग माझ्या मुलाचा, फोटोसकट. सुनेने नारळाला चमकीचे डोळे लावले होते, बाजारात तयार मिळतात.

रोट वेगळे करायचे तर मोठ्यांना विचारावं लागतं. बसावं लागतं, परवानगी मागावी लागते, नारळ द्यावा-घ्यावा लागतो. पूर्वी ज्यांनी वेगळे केले ते डोळ्यात पाणी आणून करायचे. आमचे एका निरोपाने झाले आणि खाली पंधरा जणांनी अंगठे दाखवले. हंड्यासाठी दोन घरं भांडली होती. रोटांसाठी कोणी भांडलंसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त किळस आली.

आबांना मी वाचून दाखवलं. ह्यांना नको होतं, पण मी म्हटलं, लपवायचं का म्हणून. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, त्यासना घर बसनी, चांगलं शे. आणि पुढच्या श्रावणात पुन्हा सगळ्यांच्या मुठी घातल्या. मी म्हटलं, आबा, ते आता त्यांच्याकडे खातात. ते म्हणाले, ते खातीन त्यासनं. मी मन्ही मूठ मोजस. त्यानंतर दरवर्षी आम्ही तिघं पुनवेपर्यंत खात राहिलो.

सुरतचे भाऊजीही पुन्हा आले नाहीत. शाळेतले दोन आठवडे त्यांना पुरले असावेत, किंवा मालक सुट्टी देत नसेल. आबा दर श्रावणात त्यांना फोन लावायला सांगायचे आणि पलीकडून आवाज आला की म्हणायचे, “मी मरेल शे रे. रोट खावाले ये.” भाऊजी हसत, येतो म्हणत, येत नसत. त्या घरात एवढा एकच विनोद शिल्लक होता आणि तो दोघांनाही आवडायचा.

गेल्या श्रावणात आबांनी गहू मोजले. मुठीतून दाणे सांडत होते, ते वेचून पुन्हा मुठीत घेत होते. सकाळी बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत. मग गव्हाचा डबा माझ्याकडे दिला आणि तीन दिवसांनी, नागपंचमीच्या आदल्या दुपारी, खाटेवर पडल्या पडल्या गेले. आजार नाही, काही नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं.

ह्यांनी सगळ्यांना फोन केले. सुरतला लावला आणि म्हणाले, आबा गेले. पलीकडून भाऊजी हसले. “मंग रोट कोनता रईवारले शेत?” त्यांनी विचारलं. ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि म्हटलं, भाऊजी, या वर्षी रोट नाहीत. सुतक आहे.

आणि आले हो सगळे. उजाडायच्या आत आले. पुण्याची गाडी, नाशिकच्या दोन गाड्या, जळगावचे भाड्याची जीप करून. ज्यांना एका रविवारी यायला रस्ता सापडत नव्हता त्यांना भर कामाच्या दिवशी सापडला. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजींनी त्या पासवर जे लिहिलं होतं ते त्यांनी गंमत म्हणून लिहिलं असेल, पण आमच्या घराण्याला तेवढं एकच कारण चालत होतं. तेव्हाही आणि नियम गेल्यावरही. सरकारला उगाच बोल लावला मी.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी गावजेवण होतं, वरण-बट्टी. आचाऱ्याने पीठ मागितलं तेव्हा मी कोठीत गेले. आबांचा डबा तिथेच होता, निवडलेला, दळायचा राहिलेला. सुतकात त्याचे रोट होणार नव्हते, पुढच्या वर्षी ते गहू मोजलेले म्हणून धरले जाणार नव्हते. आता ते नुसते गहू होते. मी तो डबा गिरणीत पाठवला, जाडसर दळायला सांगितलं आणि बट्टीच्या पिठात मिसळून दिलं.

पंगत बसली. सगळे भाऊ, सगळे पुतणे, नातवंडं, आबांनी ज्यांची ज्यांची नावं घेतली होती ते सगळे, मांडीला मांडी लावून. टोकाला समितीचा अध्यक्षही बसला होता, गावातला म्हणून. तो बाहेरचा, पण आता त्याला मनाई कशी करणार. माझा मुलगा म्हणाला, आई, बट्टी मस्त झालीय, आणखी एक वाढ. वाढली. नाशिकचा थोरला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की पुढच्या वर्षी काही झालं तरी सगळ्यांनी रोटांना इथेच यायचं, आबांची इच्छा होती. सगळ्यांनी माना हलवल्या. तोंडात आबांनी मोजलेली आपापली मूठ होती आणि माना हलवत होते. मी कोणाला सांगितलं नाही. सांगावं अशा लायकीचा मला तिथे कोणी दिसला नाही.

पंगत उठल्यावर ह्यांनी मला जेवायला बोलावलं. मी म्हटलं, मला नको. माझ्या नावाचं त्यात काही नव्हतं. स्वयंपाकघरात सकाळची अर्धी भाकर होती, ती ठेच्याबरोबर खाल्ली आणि भांडी घासायला घेतली.